भाकरी आणि बीजगणित

बाई,

परवा तुझं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर बायका ओसरीवर बसून तुझ्याबद्दल बोलत होत्या. एक म्हणाली, "लई गरीब होती बिचारी. कुणाला कधी उलटून बोलली न्हाई." मी पदर तोंडात धरून बसले. सगळ्यांना वाटलं मला रडू फुटलंय. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं. तू आणि गरीब? शहागडच्या फाट्यावर एस्टी न थांबवता पुढे नेली म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच गाडीत चढून, कंडक्टरला अंबड येईपर्यंत ऐकवत नेणारी बाई तू. आणि शेवटी उतरताना त्यालाच म्हणालीस, "भाऊ, रागावू नको हां, पण उद्या बराबर थांब." दुसऱ्या दिवशी तो थांबला. मी होते ना सोबत, मीच तर लाजेनं खिडकीबाहेर बघत बसले होते.

चारचौघांत मी तुला 'जाऊबाई, तुम्ही' म्हणायचे. तू थोरली, मी धाकटी, रीत ती रीत. पण चुलीपुढं बसलं की 'बाई, तू'. हे तूच ठरवून टाकलं होतंस. "हितं बसल्यावर अहो-जाहो करशील तं माझी भाकर मोडती," म्हणाली होतीस. आज हे सगळं मी चुलीपुढं बसल्यासारखंच बोलणार आहे, तेव्हा तूच.

पाहुणे काल दुपारच्या गाडीनं गेले. घर रिकामं झालं आणि मला आपला वाद आठवला. अर्धाच राहिलाय तो. तीसेक वर्षं पहाटे दारात येऊन तू मला हाक मारलीस, "ए सुमन, ऊठ, तांबडं फुटायलंय." तांबडं कधीच फुटलेलं नसायचं. मी कुरकुरत उठायचे आणि उठता उठता सुनावायचे, की हे सगळं तुझ्या जुलमानं चाललंय, ज्या दिवशी तू नसशील त्या दिवशी मी ऊन डोक्यावर येईपर्यंत लोळत पडेन. त्यावर तू एवढंच म्हणायचीस, "बघू." आता तू खरंच नाहीस. इतकी वर्षं जे मी रोज केलं ते माझं होतं का? का तू ओढत होतीस आणि मी नुसती मागं येत होते? कालपासून दुसरं काही सुचत नाही मला.

मी या घरात आले तेव्हा दहावी नापास होते, गणितात. माहेरून आणलेल्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली पुस्तकं होती. आणली कशाला, ते माझं मलाच माहीत नव्हतं. टाकवत नव्हती म्हणून आणली. तसंही हाती घेतलेलं काहीच मी तोवर शेवटाला नेलं नव्हतं. शिवणाचा क्लास अर्धा, स्वेटरला एकच बाही. माहेरी मला चिडवायचेच त्यावरून. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत तू ट्रंक उन्हात काढलीस आणि पुस्तकं तुझ्या हाती लागली. मला वाटलं आता झालं, आत्याबाईंच्या कानावर जाणार. आपली सासू म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. पण तू पुस्तक उघडून तिथंच उन्हात बसलीस. भोकरदनकडच्या तुझ्या माहेरच्या गावात तू सातवी झालेली. त्यानंतर तुझी शाळा सुटली, लग्न झालं, दोन लेकरं झाली, पण छापलेलं काही दिसलं की तुझे डोळे तसेच चमकायचे.

"ह्यो एक्स कोण गं?" तू विचारलंस.

"कोण म्हणजे? माहीत नसलेली संख्या असती ती."

"माहीतच न्हाई, मंग तिला धरून येवढं लिव्हलंय कामून?"

"शोधायची असती बाई."

"हरवली का?" म्हणालीस आणि खो खो हसलीस. मग पुस्तक मिटून पुन्हा लुगड्याखाली ठेवलंस आणि म्हणालीस, "उद्या पहाटं चुलीपाशी आण. मी भाकरी करते, तू जाळ घाल आन् वाच. बघू कुठं हरवलीय ती."

पहिल्याच दिवशी भाकरी करपली. मी वाचत होते, तू ऐकत होतीस आणि तव्यावर काय चाललंय ते दोघींनाही कळलं नाही. वास गेला आणि आत्याबाई दारात. त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तू मात्र करपलेली भाकरी आपल्या ताटलीत ओढून म्हणालीस, "आत्याबाई, ही नापास झालती, तिचं पूर्ण करून घेऊन राह्यले. मी बी बसन म्हनते परीक्षेला." हे तू मलाही सांगितलं नव्हतंस!

आत्याबाई उंबऱ्यावर टेकल्या. मग त्यांची अट आली. "बसा. पण चूल टायमावर पेटली पाह्यजे, धारा टायमावर निघाल्या पाह्यजेत, मानसं उपाशी शेतात जाता कामा न्हाई. एक दिवस जरी चुकलं, तं पुस्तकं चुलीत." आणि त्या बोलल्या म्हणजे बोलल्या. त्या दिवसापासून आपली परीक्षा सुरू झाली, बोर्डाची त्यापुढं काहीच नाही.

माझा उत्साह ठरलेल्या वेळात मावळला. महिनाभरातच कंटाळले. थंडीत सरपणाच्या पऱ्हाट्या ओल्या, धुरानं डोळे चुरचुरायचे, त्यात त्रिकोणमिती. एके दिवशी पुस्तक आपटून मी म्हणाले, "बस झालं. उद्यापासून मी न्हाई यायची." मला वाटलं तू समजूत घालशील, रागावशील. तू पिठाचा गोळा हातावर फिरवत म्हणालीस, "बराबर हाय. उद्यापासून नको येऊ. आज आलीच हाय तं येवढं पान वाच." मी वाचलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा तुझी हाक. मी म्हणाले, "मी काल सांगितलं ना?" तर तू, "उद्यापासून म्हनली होतीस. उद्या कुठं उजाडलाय? आज हाय हा." असा माझा राजीनामा तू रोज मंजूर करायचीस आणि रोज पुढच्या दिवसावर ढकलायचीस. त्या सबंध हिवाळ्यात मी तुझ्यावर चिडले आणि त्या सबंध हिवाळ्यात एकही पहाट बुडली नाही.

आणि जास्तीही करू द्यायची नाहीस! शेवटची भाकरी फुगली की पुस्तक बंद. कधी एखादं उदाहरण जमत आलं की मी म्हणायचे, "थांब ना, आणखी एक करू." तू पुस्तकावर परातच ठेवायचीस. "आज जास्ती केलं की उद्याला अंग चोरशील. मला ठाव हाय तू." ठाऊक होतं तुला. माझ्या आईलाही मी इतकी कळले नव्हते.

वाचता वाचता तुला सूत्रं पाठ व्हायला लागली. पण तुझी पद्धत न्यारी. तू डोक्यात ठेवायचीस की हातात, देव जाणे. ए वर्ग म्हणताना एक थाप, अधिक दोन एबी म्हणताना दोन थापा आणि भाकरीला गिरकी, अधिक बी वर्ग म्हणत भाकरी तव्यावर. वजाबाकीचं सूत्र असलं की भाकरी उलट्या बाजूनं फिरायची. मी पोट धरून हसायचे. शेजारची सोनाबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "काय गं, भाकरी करायल्या का भजन करायल्या?"

अंबडच्या शाळेत फॉर्म भरायला गेलो. मी रिपीटर, तुझा सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून बसणाऱ्यांचा. तिथले मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "दोघी जावा एकाच वर्गात? भांडणं झाली तर?" तू म्हणालीस, "सर, भांडाया टाईम भेटला तं भांडू की." फॉर्मवर त्यांनी हसत हसतच शिक्का मारला.

मग ती गणिताची परीक्षा. मी तिसऱ्या बाकावर, तू अगदी मागं. सुरुवातीला सगळं शांत होतं. मग मागून आवाज यायला लागला. थप. थप थप. मला कळलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. पर्यवेक्षक तुझ्याकडं धावले. त्यांना वाटलं तू बाक वाजवून कुणाला तरी खुणा करतेस. कॉपीचे दिवस ते, त्यांचंही काही चुकलं नाही.

"बाई, काय चाललंय? कुणाला इशारे देताय?"

तू उभी राहिलीस, पदर सावरलास आणि खणखणीत आवाजात सांगितलंस, "इशारे न्हाई सर. भाकरी करून राह्यले."

सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण मला पुढचं दिसत होतं. पर्यवेक्षक वेळ संपेपर्यंत तुझ्या बाकाजवळून हलले नाहीत. हात मांडीवर ठेवायला लावले त्यांनी. आणि हात थांबले तसं तुझं गणित थांबलं. निकाल लागला तेव्हा मी पास होते. तू बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास.

मला पेढे वाटायची सोय राहिली नव्हती. तोंड लपवत होते मी तुझ्यापासून. तूच गूळ घेऊन आलीस, माझ्या तोंडात खडा कोंबलास आणि म्हणालीस, "तुझं झालं. आता माझं बघू. हात बांधले की मला काहीच येत न्हाई, हे आधी ध्यानात यायला पाह्यजे होतं." रडली नाहीस. कुठं चुकलं ते सापडल्याचाच तुला आनंद झाला होता. मी त्या दिवशी तुझ्याकडं बघून जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, लई झालं, जाळ घाल.

दुसऱ्या पहाटे तू परात माझ्यापुढं सरकवलीस. भाकरी मी करायच्या आणि तू हाताची घडी घालून बसायचं. हात हलले की सूत्र पुन्हा पहिल्यापासून. केवढा त्रास झाला तुला! बोटं पदराखाली चुळबुळायची. आणि माझ्या भाकरी! पहिल्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी उचलून उजेडात धरली आणि मला विचारलं, "धाकटे, ही भाकर हाय का गवरी?" तुझे मालक थोरले दादा आणि आमचे हे दोघं मुकाट्यानं जेवले. एकदा यांनी शेतात गड्याला सांगितलं म्हणे, की घरी वहिनी पास होईपर्यंत दात सांभाळावे लागतील.

मार्च गेला, ऑक्टोबर गेला, पुन्हा मार्च आला. तू बसतच राहिलीस. मला अंगणवाडीची नेमणूक मिळाली. गावात लोक म्हणायला लागले, आता थोरलीनं नाद सोडावा, हे काय वय आहे. एक दिवस मीच तुला म्हणाले, "बाई, दमली असशील तं राहू दे. न्हाई झाली दहावी तं काय बिघडलं?" तू माझ्याकडं असं बघितलंस की मी पुन्हा तो विषय काढला नाही. तेव्हाही तू फक्त म्हणालीस, "आजचं उदाहरण सांग."

शेवटी ज्या दिवशी निकाल आणायला गेलीस त्या दिवशी मला सोबत घेतलं नाहीस. संध्याकाळच्या गाडीनं आलीस, पिशवी खुंटीला लावलीस आणि सरळ गोठ्यात गेलीस, कारण धारांची वेळ झाली होती. मी मागून आले. "काय झालं?" म्हशीच्या कासेखाली बसून, माझ्याकडं न बघता तू म्हणालीस, "काठावर." मला आधी कळेचना. मग मी इतक्या जोरात ओरडले की म्हशीनं लाथ मारून बादली उलटी केली. सगळं दूध शेणात. आपण दोघी तिथंच बसून हसत राहिलो, रडतही होतो बहुतेक. आत्याबाई काठी टेकत आल्या, सांडलेलं दूध बघितलं आणि चक्क वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "झाली ना पास? मंग उद्यापासून भाकरी तू कर. माझे दात ऱ्हायले न्हाईत." पुढच्या बाजारात मात्र त्या भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, माझ्या दोन्ही सुना म्याट्रिक हायेत.

मला वाटलं, संपलं. आता निवांत झोपायचं. तर दुसऱ्या पहाटे दारात तू हजर! मी अंथरुणातूनच हात जोडले. "आता कशाला बाई? पास झालीस की!"

"आत्तापस्तोर भ्या वाटायचं नापास व्हायचं," तू म्हणालीस. "आता भ्या न्हाई राह्यलं. आता कुठं मजा यायली, तं सोडू कामून?"

तेव्हापासून आपलं भांडण कायमचं झालं. मी म्हणायचे, काही मिळवायचं असेल तर माणसानं रोज राबावं, नाहीतर नुसता जिवाला त्रास. तू म्हणायचीस, मिळतंय की रोज. काय मिळतंय विचारलं तर सांगता यायचं नाही तुला, आणि सांगता येत नाही म्हणून मी जिंकले असं मी धरून चालायचे. लेकराबाळांची पुस्तकं घरात आली, त्यातली उदाहरणं आपण केली. ती संपली की वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. चूल गेली, गॅस आला. त्याआधी आत्याबाई गेल्या, तेव्हा सुतकात चूल पेटवायची नव्हती तरी तू थंड चुलीपुढं येऊन बसलीस. मी घाबरून म्हणाले, "बाई, लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "अट त्यांनीच घातलती. एक दिवस चुकायचं न्हाई." मग आत्याबाईंच्या आठवणी काढत आपण तेवढा वेळ बसलो. गवरीचा किस्सा निघाला आणि सुतकात हसलो म्हणून पुन्हा एकमेकींना दटावलं.

त्या पहाटांनी माझं काय केलं, हे मला कुणी विचारलं नाही, तूही नाही. मी अर्ध्यावर टाकणारी बाई होते, बाई. आज गावातली लेकरं अंगणवाडीच्या दारात उभी असतात, कारण त्यांना माहीत आहे की सुमनताई येणार म्हणजे येणार. पावसात, उन्हात, घरात लग्न असो की भांडण. त्या स्वेटरची दुसरी बाहीसुद्धा मी पुरी केली, तोवर तो कुणाच्याच मापाचा उरला नव्हता, ते सोड. तुझंही तसंच. ज्या दिवशी तू ग्रामसभेत पुरुषांच्या पुढं उभी राहून हापशाच्या दुरुस्तीचं विचारलंस, त्या दिवशी दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येऊन म्हणाले, "हिला काय झालं?" मला माहीत होतं काय झालं होतं.

आणि मग तू चटकन गेलीस. आदल्या पहाटे वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं सोडवून उठलो होतो, रात्री छातीत भरल्यासारखं होतंय म्हणालीस, आणि दवाखान्याच्या वाटेवर संपलंच सगळं. मी रागावले तुझ्यावर. अजूनही आहे थोडी. तेरा दिवस घरात माणसांची गर्दी होती. सोनाबाईच्या घरून पिठलं-भाकरी यायची. कडा जाड होत्या हां, तू असतीस तर बोलली असतीस. त्या दिवसांत झोप अशी नव्हतीच, तेव्हा जागं होण्याचा प्रश्न नव्हता. खरी पहाट आजची होती. घर शांत, आपल्या सुना झोपलेल्या, कुणी कुणाला उठवणार नव्हतं.

आज पहाटे मी डोळे उघडले तेव्हा अंधार होता. नेहमीची वेळ. मी तशीच पडून राहिले आणि दाराकडं कान लावला. आणि तेव्हा मला हसू आलं, बाई, इतकं हसू आलं की हे बाजूला दचकून उठले. कारण ही सवय मला नवी नव्हती. गेली कित्येक वर्षं मी तू येण्याआधीच जागी असायचे. तुझ्या खोलीची कडी वाजायची, अंगणात तुझी पावलं यायची, आणि मी डोळे घट्ट मिटून, तोंडावर गोधडी ओढून पडून राहायचे. कुरकुर केली ती खोटी, जुलूम म्हणाले ते खोटं. तू दारात येऊन माझं नाव घ्यावंस, एवढ्यासाठी मी रोज झोपेचं सोंग घेत होते. लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारणारं तेव्हा घरात दुसरं होतंच कोण?

तुला ठाऊक होतं का गं हे? म्हणूनच 'बघू' म्हणायचीस का?

आज हाक आली नाही. थोडा वेळ वाट बघितली. मग माझी मीच उठले.